मोहरी नव्हे, सोनकीची बहीण: ओढ्याकाठच्या पिवळ्या फुलांचा दरवर्षीचा घोटाळा

एप्रिल लागला की अमेरिकेत ओहायो, इंडियाना, इलिनॉय, मिसुरी, केंटकी या सगळ्या पट्ट्यात सखल शेतं आणि ओढ्याकाठच्या जागा पिवळ्याधमक होतात. मका-सोयाबीनची पेरणी व्हायची असते, रानात गेल्या वर्षीची धसकटं तेवढी उरलेली असतात आणि त्यांच्यामधून मांडीएवढी उंच पिवळी फुलं डोलत असतात. गाडीतून जाणारा मराठी माणूस हमखास म्हणतो, "अरे, केवढी मोहरी!" कोणी फोटो काढतं, कोणी उतरून पिशवीभर पाला खुडून आणतं. मग संध्याकाळी माझ्या फोनवर तो फोटो येतो आणि खाली प्रश्न असतो, याची भाजी होते ना?

होत नाही. पाणथळ जागेत वाढलेलं ते पिवळं रान बहुतेक वेळा बटरवीड असतं. शास्त्रीय नाव पॅकेरा ग्लाबेला, जुन्या पुस्तकांत सेनेशियो ग्लाबेलस. ते यकृताला घातक आहे आणि शिजवल्याने त्याचं विष जात नाही. दरवर्षी तोच प्रश्न येतो, म्हणून या वेळी सगळं एकदाच सविस्तर लिहिते: ओळखायचं कसं, चूक नेमकी कुठे होते, परसात आलं तर काढायचं कसं, आणि काढूनही ते परत का येतं.

घाई असेल तर आधी एवढं करा. एक फूल तोडून तळहातावर ठेवा आणि पाकळ्या बघा. चारच पाकळ्या असतील आणि त्या अधिकच्या चिन्हासारख्या मांडलेल्या असतील, तर ते बहुधा मोहरीच्या कुळातलं आहे. मध्ये पिवळं बटण आणि भोवती झालरीसारख्या पाच ते पंधरा अरुंद पाकळ्या असतील, अगदी सूर्यफुलाचं पिल्लू वाटेल, तर हातातलं टाकून द्या आणि हात धुवा.

आमच्या घरी काय झालं

आमचं घर ओहायोच्या नैर्ऋत्य भागात, लिटल मायामी नदीच्या खोऱ्यात आहे. परसाची मागची बाजू उतरत उतरत एका ओढ्याला मिळते. मार्चमध्ये ओढा फुगतो, दोन-तीन दिवस खालच्या अंगाला पाणी उभं राहतं, मग ते ओसरतं आणि मागे काळा, गुळगुळीत गाळ राहतो. त्या गाळात काहीही फोफावतं.

आई पहिल्यांदा सहा महिन्यांसाठी आली ती नेमकी एप्रिलमध्ये. ती संगमेश्वरकडची. पहिला पाऊस पडून गेला की टाकळा, मग कुर्डू, फोडशी, भारंगी, या क्रमाने तिचा पावसाळा जातो. इथल्या दुकानातल्या प्लॅस्टिकच्या डब्यातल्या पालकावर तिचं मन बसेना. एके सकाळी ती ओढ्याकडून परत आली ती पदराचा ओटा भरून. "अगं, एवढी कोवळी मोहरी इथे कोणी काढत कसं नाही? हरणांनीसुद्धा तोंड लावलेलं नाही!"

हे दुसरं वाक्य ऐकून मी थांबले. आमच्याकडची हरणं गुलाब खातात, ट्युलिप खातात, मिरचीची रोपं बुडापासून खातात. या एवढ्या हिरव्यागार पाल्याला मात्र त्यांनी शिवलंही नव्हतं. (हा नियम म्हणून वापरू नका. हरणाने खाल्लेलं माणसाला चालतं असं अजिबात नाही. मला त्या दिवशी शंका यायला तेवढं पुरलं, इतकंच.)

एक पान घेऊन मी बोटांत चुरगळलं. मोहरीचं पान चुरगळलं की नाकात झिणझिण्या आणणारा उग्र वास येतो. याला नुसता ओल्या गवताचा वास होता. देठ मोडला तर आत पोकळ, भोपळ्याच्या पानाच्या देठासारखा. लहानपणी ज्याची पिपाणी करायचो, तसाच. आणि देठाच्या बाहेरच्या बाजूला उभ्या रेघा, त्यांवर वांग्याच्या देठावर असतो तसा जांभळट रंग. मग आईच्या ओट्यातून एक फुललेला शेंडा काढून मी तिच्या हातात दिला. तिने चष्मा लावला, फूल डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाली, "ही मोहरी नव्हे गं. ही तर सोनकी!"

तिने बरोब्बर नातं ओळखलं होतं. गणपती होऊन गेल्यावर सह्याद्रीच्या सड्यांवर आणि घाटमाथ्यावर जी पिवळी सोनकी पसरते, ती सेनेशियो. बटरवीडही आधी सेनेशियोतच मोडायचं, पुढे वेगळं काढून पॅकेरा या गटात टाकलं. म्हणजे एकाच गोतावळ्यातल्या दोन बहिणी, एक कातळावर वाढणारी आणि एक गाळात. कासला किंवा आंबा घाटात सोनकी जवळून पाहिली असेल, तर ते फूल डोळ्यांपुढे आणा. बटरवीड ओळखायला मराठी माणसाला याहून चांगली खूण नाही. आपली गल्लत होते ती लांबून पाहिल्यामुळे. लांबून फक्त पिवळा रंग दिसतो, आणि शेतातला पिवळा रंग म्हटला की आपल्याला मोहरीच आठवते.

ओळख, ऋतूप्रमाणे

बटरवीड हिवाळी वर्षायू आहे, आणि पुढचे सगळे घोटाळे या एका गोष्टीतून सुरू होतात. शरद ऋतूत, पानगळ चालू असताना, त्याचं बी रुजतं. थंडीभर ते जमिनीलगत चपटं, गोल पसरून बसतं, मुळ्याची पानं पसरतात तसं. बर्फाखाली दबूनही ते तग धरतं. मार्चमध्ये मधून दांडा वर येतो, एप्रिल-मेमध्ये फुलं, मग बी, आणि जूनच्या आसपास अख्खं झाड वाळून नाहीसं.

हिवाळ्यातल्या पानांची ठेवण अशी: मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना खोलवर कातरलेले लहान लहान तुकडे आणि टोकाला एक मोठा, गोलसर तुकडा. मुळ्याचं पान आठवलं तर चित्र जमेल. पान उलटून बघा. थंडीतल्या पानांच्या मागच्या बाजूला बऱ्याचदा जांभळट झाक असते. पानावर लव जवळजवळ नसतेच. 'ग्लाबेला' या नावाचा अर्थच गुळगुळीत असा आहे. मुळ्याचं किंवा मोहरीचं पान बहुधा हाताला खरखरीत लागतं, हे तसं लागत नाही.

दांडा एक ते तीन फूट उंच, उभ्या खाचांचा, मऊ, रसाळ आणि आतून पोकळ. चाकूने आडवा कापला तर सरळ नळी दिसते. शेंड्याला फांद्या फुटून सैल गुच्छ येतो, आणि एकेक फूल अर्ध्या-पाऊण इंचाचं. मघाशी सांगितलेली झालर आणि बटण तिथे पाहायची.

बी धरलं की शंका उरतच नाही. मोहरीच्या कुळातल्या झाडाला शेंड्यावर फुलं चालू असतानाच खाली बारीक, उभट शेंगा लागलेल्या दिसतात. बटरवीडला शेंग कधीच येत नाही. त्याचं फूल पिकलं की पांढरा कापूस होतो आणि एकेक बी तंतूंच्या छत्रीला लटकून उडतं. आपण रुईच्या उडणाऱ्या बियांना 'म्हातारी' म्हणतो ना, तशी ही म्हातारी. गंमत म्हणजे सेनेशियो हे नाव लॅटिनमधल्या 'म्हातारा' या शब्दावरून पडलंय, तेही याच पांढऱ्या केसांमुळे. इतक्या लांबच्या दोन भाषांना एकच गोष्ट सुचली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

खरा चकवा: विंटरक्रेस

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, एवढं सोपं आहे तर लोक चुकतात कसे? चुकतात, कारण त्याच ओल्या रानात, त्याच महिन्यात, खरोखरच मोहरीच्या कुळातलं एक पिवळं झाड फुललेलं असतं. त्याचं नाव विंटरक्रेस किंवा यलो रॉकेट. त्याची कोवळी पानं खाणारे लोक इथे आहेत, आणि रानभाज्यांच्या माहितीत त्याचा उल्लेखही सापडतो. म्हणजे 'ओढ्याकाठची पिवळ्या फुलांची भाजी खातात' हे ऐकीव वाक्य खोटं नाही. ते वेगळ्या झाडाबद्दल आहे.

दोघांची पानं इतकी सारखी असतात की बटरवीडचं दुसरं इंग्रजी नावच मुळी 'क्रेसलीफ ग्राउंडसेल', म्हणजे क्रेससारख्या पानाचं. फुलांवर आल्यावर फरक उघड आहे. विंटरक्रेसला चार पाकळ्या, खाली शेंगा, चुरगळलं की मोहरीचा वास. पण भाजी खुडायची वेळ फुलांच्या आधीची, कोवळ्या पानांची. तेव्हा फुलं नसतात, शेंगा नसतात, आणि दोन्ही झाडं शेजारी शेजारी जमिनीला चिकटून बसलेली असतात. विंटरक्रेसचं पान जास्त गडद आणि चकचकीत असतं, बटरवीडच्या पानाची कड जास्त कातरलेली असते. पण एकेक पान तपासून खुडण्याइतका धीर कोणाला असतो? मूठभर ओढलं की त्यात चार पानं याची आणि दोन त्याची.

म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे. पाणथळ जागेतली फुलं न आलेली अशी पानं घरात आणूच नका, मग तुम्हाला कितीही खात्री वाटो. मोहरीचा पाला हवाच असेल तर स्वयंपाकघरातला मसाल्याचा डबा उघडा. फोडणीची मोहरी मातीत पेरली की बहुतेक वेळा चार-पाच दिवसांत उगवते आणि महिना-सव्वा महिन्यात भाजीजोगी पानं देते. आईने त्याच आठवड्यात दोन कुंड्या भरल्या. त्या पानांना तिने बोटांत चुरगळून वास घेतला आणि मगच फोडणीला टाकली.

इतर पिवळी फुलं, थोडक्यात

मार्श मॅरीगोल्ड. नावामुळे फसवणारं. मॅरीगोल्ड म्हणजे झेंडू असं आपण शिकलो, तेव्हा हा 'दलदलीतला झेंडू' देवाला वाहायला आणावासा वाटतो. झेंडूशी त्याचं काहीच नातं नाही. पानं गोल, हृदयाच्या आकाराची, फुलाला पाच ते नऊ चकचकीत पिवळ्या दलांचा पेला, आणि झाड बहुधा पाण्यातच उभं. कच्चा रस कातडीला झोंबतो, तोंड पोळतं, पोट बिघडतं. देव्हाऱ्यात ठेवायचं नाही असं नाही, पण लहान मूल घरात असेल तर नकोच.

लेसर सेलँडाईन. जमिनीलगत गालिचा पसरावा तशी दाट वाढणारी, वीतभरही उंच नाही. सात ते बारा चकचकीत पाकळ्या, मुळाशी शेंगदाण्याएवढे लहान कंद. हीसुद्धा कच्ची विषारीच, आणि परसात एकदा घुसली की हाकलणं महाकठीण.

बटरकप. पाच पाकळ्या, वार्निश लावल्यासारखी चमक.

गोल्डन रॅगवर्ट. ही बटरवीडची सख्खी बहीण. फूल अगदी तसंच, पण बुडाची पानं गोल, न कातरलेली, आणि झाड दरवर्षी त्याच मुळातून फुटतं. नर्सरीत ही शोभेसाठी विकायला असते. लावायला हरकत नाही, खायला आहे.

फोनमधलं झाडं ओळखणारं ॲप वापरणार असाल तर निदान नीट फोटो द्या. लांबून काढलेल्या पिवळ्या पट्ट्याच्या फोटोवर ॲप मोहरीही सांगेल आणि रॅगवर्टही. फूल समोरून, फूल मागून, बुडाचं पान दोन्ही बाजूंनी, आणि दांडा आडवा कापून, असे वेगवेगळे फोटो काढा. तरीही खाण्याचा निर्णय ॲपवर सोडू नका. काउंटीच्या एक्स्टेंशन ऑफिसात, म्हणजे शेती-बागेचा सल्ला देणाऱ्या कार्यालयात, झाडाचा तुकडा घेऊन गेलात तर माणूस बघून सांगतो.

"चिंच घालून उकळलं तर?"

हा आईचा प्रश्न होता आणि तो अगदी रास्त आहे. अळूची, सुरणाची खाज आपण चिंच-आमसूल घालून, खूप शिजवून घालवतो. त्या खाजेचं कारण सुईसारखे बारीक स्फटिक. मार्श मॅरीगोल्डचा झोंबणारा रससुद्धा उष्णतेने आणि वाळल्यावर बराचसा निकामी होतो. त्यामुळे 'शिजवलं की विष मरतं' असा आपला पक्का समज झालेला असतो.

बटरवीडमधलं विष या जातीचं नाही. त्यात पायरोलिझिडीन अल्कलॉइड नावाची द्रव्यं असतात. ती उकळून भरवशाने जात नाहीत, वाळवूनही जात नाहीत, आणि जिभेला झोंबून सावधही करत नाहीत. पोटात गेल्यावर यकृतच त्यांचं रूपांतर जास्त घातक पदार्थांत करतं, आणि त्या पदार्थांनी यकृतातल्या बारीक शिरांचं अस्तर जळतं. शिरा बुजत जातात, रक्त अडतं, पोटात पाणी साठायला लागतं. आपल्याकडे ज्याला जलोदर म्हणतात तो असा होऊ शकतो. आज थोडं, उद्या थोडं असं खाल्लं तरी इजा साचत जाते, आणि लक्षणं कधी आठवड्यांनी, कधी महिन्यांनी दिसतात. तोवर 'ती भाजी' कोणाच्या लक्षातही राहिलेली नसते.

हे पुस्तकी भय नाही. १९७० च्या दशकात सरगुजा जिल्ह्यात, तेव्हाच्या मध्य प्रदेशात आणि आताच्या छत्तीसगडात, गावातली माणसं पोटात पाणी होऊन दगावली. शोध घेतल्यावर कळलं की ते खात होते त्या गोंदली या बारीक धान्यात खुळखुळ्याच्या जातीचं बी मिसळलं होतं. खुळखुळा म्हणजे तोच, वाळलेल्या शेंगा हलवून आपण लहानपणी वाजवायचो तो. त्याच दशकात अफगाणिस्तानच्या हेरात प्रांतात गव्हात दुसऱ्या एका रानटी झाडाचं बी मिसळून असंच झालं. झाडं वेगळी, विष याच कुळातलं. माणसांनी विष म्हणून काही खाल्लं नव्हतं, रोजची भाकरी खाल्ली होती.

इथे सगळ्यात जास्त धोका जनावरांना आहे. आमच्या शेजाऱ्यांकडे दोन घोडे आहेत. हिरवं बटरवीड घोडे आणि गाई सहसा टाळतात, पण मेमध्ये पहिली कापणी होऊन गवताचे गठ्ठे बांधले गेले की त्यातलं वाळलेलं बटरवीड त्यांना वेगळं काढता येत नाही. विष तर वाळूनही तसंच राहतं. त्यांनी मला एक गठ्ठा सोडून दाखवला होता. भुऱ्या गवतात मध्येच जाड, चपट्या झालेल्या, जांभळट रेघांच्या काड्या, आणि त्यांना चिकटलेला पांढरा कापूस. ओल्या कुरणातला पहिला चारा घेत असाल तर गठ्ठा उकलून बघितल्याशिवाय घालू नका. शेळ्या-मेंढ्या हे विष जरा जास्त पचवतात, पण म्हणून मुद्दाम खायला घालायचं नाही.

कोणी खाल्लंच तर

अमेरिकेत पॉयझन कंट्रोलचा नंबर १-८००-२२२-१२२२. चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, आणि आई-वडिलांना इंग्रजी जमत नसेल तर दुभाष्याची सोय होते. एक-दोन पानं खाऊन माणूस लगेच कोसळतो असं नाही, त्यामुळे घाबरून जाऊ नका, पण 'काही होत नाहीये' म्हणून गप्पही बसू नका. किती खाल्लं, कधी खाल्लं, एकदाच की काही दिवस, हे सांगा. ओकारी मुद्दाम काढू नका. झाडाचा तुकडा फुलासकट पिशवीत ठेवा. लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर जास्त काळजी घ्या. आणि पुढच्या काही आठवड्यांत पोट फुगणं, उजव्या कुशीत दुखणं, डोळे पिवळे दिसणं यातलं काहीही झालं, तर डॉक्टरांना ही भाजी खाल्ल्याचं आवर्जून सांगा. त्यांनी विचारायची वाट बघू नका.

नुसता हात लागल्याने विषबाधा होत नाही. काहींच्या हातावर पुरळ येतं, म्हणून उपटताना हातमोजे घाला.

काढूनही दरवर्षी परत का येतं

याचा उलगडा व्हायला मला तीन वर्षं लागली. पहिल्या वर्षी मी मेच्या शेवटी, सगळं फुलून पांढरं झाल्यावर गवत कापायचं यंत्र फिरवलं. म्हणजे मी स्वतःच बी उधळलं. दुसऱ्या वर्षी फुलं असतानाच उपटलं, पण ढीग तिथेच ओढ्याकाठी टाकला. उपटलेल्या झाडावरही उमललेली फुलं बी पिकवून मोकळी होतात, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. जूनमध्ये जागा स्वच्छ झाली, मी खूश झाले, आणि पुढच्या एप्रिलला पुन्हा तेच पिवळं रान. जूनमध्ये ते माझ्यामुळे गेलं नव्हतं. त्याचं वर्ष संपलं होतं म्हणून गेलं होतं.

औषध मारणाऱ्यांचंही असंच होतं. मेमध्ये फवारतात, जूनमध्ये झाड मरतं, आणि औषध लागू पडलं असं वाटतं. फवारायचंच असेल तर ते ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये किंवा मार्चच्या सुरुवातीला, झाड चपटं बसलेलं असताना. पाण्याच्या कडेला तर फक्त त्या वापरासाठी मंजूर असलेलंच औषध, लेबल वाचून. फवारलेली जागा पूर्ण वाळेपर्यंत जनावरं लांब ठेवा, कारण कोमेजलेलं झाड ती जास्त सहज खातात. मी स्वतः औषध वापरत नाही. ओढा पुढे दुसऱ्यांच्या अंगणातून जातो.

आता मी जे करते ते असं. ऑक्टोबरच्या मध्यावर आणि पुन्हा मार्चच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस पडून गेल्यानंतरच्या दिवशी, खुरपं घेऊन खाली जाते. ओल्या गाळातून हे झाड मुळासकट सहज येतं, मुळं वरवरचीच असतात. फुलं नसलेली झाडं कंपोस्टमध्ये. एखादं नजरेतून सुटून फुललं, तर त्याचं फूल आधी पिशवीत, मग झाड, आणि पिशवी बांधून कचऱ्यात. मोकळ्या झालेल्या जागेवर मी इथली लव्हाळ्यासारखी गवतं लावली आहेत. ही पायरी सगळ्यात महत्त्वाची. बटरवीडला उघडा गाळ लागतो. दाट गवत असेल तिथे त्याचं बी रुजायला जागा मिळत नाही, आणि तीन हंगामांत फरक दिसायला लागतो.

पूर्ण नाहीसं होईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. दर मार्चला पूर येतो आणि वरच्या अंगाच्या शेतांतून बी घेऊन येतो. वाऱ्यावर येतं ते वेगळंच. आणि ते या मातीतलंच झाड आहे, बाहेरून आलेलं नव्हे. एप्रिलच्या थंडीत दुसरं फारसं काही फुललेलं नसताना मधमाश्या त्याच्यावर असतात. म्हणून भाजीच्या वाफ्याजवळचं, मुलांच्या खेळायच्या जागेतलं आणि शेजाऱ्यांच्या घोड्यांच्या कुंपणालगतचं मी ठेवत नाही, पण ओढ्याच्या पलीकडचा पट्टा तसाच राहू देते.

या वर्षीही आई आहे. काल संध्याकाळी पलीकडचा काठ पिवळा झालेला पाहून तिने तिथूनच मला हाक मारली, "सोनकी आली गं!" तिच्या हातात खुडलेलं काही नव्हतं. पाला कुंडीतलाच होता.